आई आणि काका, दोघांचीही किडनीच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया. ‘बायकांना हा सौम्य असतो’ यात कितपत तथ्य?

कृष्णाकाठ:

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण एका वाक्यात मिळालेल्या उत्तरानेच आमच्या घरात घोळ झालाय.

माहेर कराडजवळ. एकत्र कुटुंब. खाली काका-काकू, वर आई आणि माझा भाऊ. मी लग्नानंतर पुण्यात. गेल्या अडीच वर्षांत या एका घरात किडनीची दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही कॅन्सरची. आई आणि काका म्हणजे दीर-भावजय, रक्ताचं नातं नाही. त्यामुळे घराण्यातच आहे असंही म्हणता येत नाही.

आधी काकांचं सांगते. वय ५९, तीस वर्षं बिडी. एकदा लघवीतून लालभडक रक्त पडलं, दुखलं काहीच नाही, आणि पुढचे दोन महिने लघवी स्वच्छ. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा पडलं ते काकूला मोरीत दिसलं. सोनोग्राफी, मग सीटी. उजव्या किडनीत ८.६ सेंटिमीटरची गाठ. अख्खी किडनी काढली. बायोप्सीचा रिपोर्ट असा: क्लिअर सेल (हा कॅन्सरचा प्रकार), ग्रेड ३ (पेशी किती बिघडल्यात ते), पीटी३ए (कुठवर पसरलाय ती पातळी), किडनीच्या शिरेत थोडा शिरलेला.

आईचं वेगळं झालं. वय आता ५८. जेवल्यावर पोटात दुखायचं म्हणून पित्ताचे खडे बघायला सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, डाव्या किडनीवर ३.४ सेंटिमीटरची गाठ निघाली. दुर्बिणीतून गाठीपुरता भाग काढला, किडनी वाचली. रिपोर्ट: क्लिअर सेल, ग्रेड २, पीटी१ए, कडा मोकळ्या.

डिस्चार्जच्या दिवशी आई रडत होती. सर्जन भले गृहस्थ, तिच्या खाटेशी थांबले आणि म्हणाले, “ताई, बायकांमध्ये याचे निकाल जरा बरेच असतात, काळजी करू नका.” धीर द्यायला म्हणाले, त्यांना दोष देत नाही. पण ते वाक्य आमच्या घरात दगडावरची रेघ झालं.

काकांची तपासणीची तारीख आली की घर चारला उठतं. भाऊ गाडी काढतो, काकू डबा भरते, फाईल चेनच्या पिशवीत आदल्या रात्रीच तयार असते. आईचा सहा महिन्यांचा सीटी व्हायचा होता. ऑपरेशनला चौदा महिने झाले, अजून झालेला नाही. आधी गौरी-गणपती, मग आत्याच्या मुलीचं लग्न, मग ऊसतोड. विचारलं की म्हणते, “मला काय धाड भरलीय? डॉक्टरच म्हणाले न्हवं, बायकांना सौम्य असतो. आधी भाऊजींचं नीट होऊ दे.” आणि घरात कुणालाच यात वावगं वाटत नाही.

दिवाळीत मी तिचं कपाट आवरत होते. साड्यांच्या खाली रेशनकार्ड, आणि त्याच्या घडीत सीटीची चिठ्ठी. पुढच्या बाजूला डॉक्टरांच्या अक्षरात तारीख. मागच्या बाजूला आईच्या अक्षरात रवा दोन किलो, डालडा, पिठीसाखर, खसखस. चिठ्ठी तिने टाकून दिली नव्हती, वाणसामानाच्या यादीला वापरली होती. मी तिथेच खाली बसले.

मला विचारायचंय ते असं. बायकांचं बरं असतं हे खरं आहे का? खरं असेल तर कशामुळे, आणि त्या भरवशावर तपासणी पुढे ढकलता येते का? आणखी एक. दोघांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात ते, मागच्या महिन्यात गावातच तपासलं. काकांचं १.३, आईचं १.२. आई म्हणते, “बघ, भाऊजींपेक्षा माझं कमीच हाय.” यावर काय बोलावं तेही मला कळलं नाही.


फॉर्मॅलिन:

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काढलेल्या गाठी कापून, त्यांच्या स्लाईड बघून रिपोर्ट लिहिणं हे माझं सोळा वर्षांचं काम. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे उपचाराचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायचं. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते नक्की सांगू शकते.

सर्जन चुकीचं बोलले नाहीत. किडनीचा कॅन्सर मुळात पुरुषांनाच जास्त होतो. २०२० च्या जागतिक अंदाजात सुमारे २ लाख ७१ हजार पुरुष आणि १ लाख ६० हजार बायका होत्या. ऑपरेशननंतरचे मोठमोठ्या गटांचे निकाल पाहिले तर बायका थोड्या पुढे दिसतात, हेही खरं. प्रश्न असा की त्या कशामुळे पुढे दिसतात.

किडनी आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत येते. मी ती लांब पात्याच्या सुरीने मधोमध उभी उघडते. क्लिअर सेलची गाठ आतून पिवळीधमक असते, मध्येमध्ये रक्त साकळल्याचे तपकिरी डाग. तो पिवळा रंग पेशींत साठलेल्या चरबीचा. स्लाईड तयार करताना ती चरबी धुऊन जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रिकाम्या, काचेसारख्या दिसतात, म्हणून क्लिअर सेल. मग मी मोजते. गाठ केवढी, बाहेरच्या चरबीत घुसली का, शिरेत शिरली का, कापलेली कडा मोकळी आहे का, पेशींची केंद्रकं किती बेढब आहेत, मध्ये मेलेला भाग आहे का. ती उघडलेली किडनी बाईची की पुरुषाची हे गाठीकडे बघून मला सांगता येत नाही.

आता तुमच्याच घरातले दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. आईंचं चांगलं आहे ते ३.४ सेंटिमीटर, ग्रेड २, कडा मोकळ्या यामुळे. काकांचं जोखमीचं आहे ते ८.६, ग्रेड ३ आणि शिरेतल्या शिरकावामुळे. उलटं असतं, म्हणजे आईंच्या किडनीत ८.६ ची शिरेत शिरलेली गाठ असती, तर त्या बाई आहेत म्हणून मी रिपोर्टमध्ये एक अक्षर मवाळ लिहिलं नसतं. ऑपरेशननंतर आजार परत येण्याचा अंदाज बांधायला लीबोविच नावाचा तक्ता २००३ पासून वापरतात. त्यात गाठीची पातळी, आकार, लसिकाग्रंथी, ग्रेड आणि मेलेला भाग यांना गुण आहेत. स्त्री की पुरुष हा रकानाच नाही. तपासण्यांचं वेळापत्रक अशाच गोष्टींवरून ठरतं. बायकांसाठी वेगळं, सैल वेळापत्रक माझ्या माहितीत नाही.

बायकांची गाठ सरासरीने लहान असताना आणि खालच्या ग्रेडला सापडते. एक कारण तुमच्या आईंसारखंच. पोटाची सोनोग्राफी बायकांची वेगवेगळ्या निमित्तांनी होत राहते आणि गाठ सहज नजरेस पडते. शिवाय किडनीवरची गाठ काढल्यावर ती कॅन्सरची नव्हतीच असं निघण्याचं प्रमाणही बायकांत जास्त आहे. हे सगळं बाजूला काढून सारख्या आकाराच्या, सारख्या ग्रेडच्या गाठींची तुलना केली की बायकांची आघाडी बरीच कमी होते. काही अभ्यासांत थोडी उरते, काहींत उरतच नाही.

जी उरते तिच्यामागे काय असावं यावर बरंच काम झालंय, आणि मला स्वतःला हा भाग फार आवडतो. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन. त्यातलं एक बहुतांशी गप्प केलेलं असतं, पण काही जनुकं त्या गप्प गुणसूत्रावरही जागी राहतात. त्यातलं एक केडीएम५सी, पेशीच्या बेफाम वाढीला आवर घालणारं. पुरुषाकडे त्याची एकच प्रत. ती बिघडली की संपलं. बाईकडे दुसरी शिल्लक असते. किडनीच्या गाठींत या जनुकाचा बिघाड पुरुषांत जास्त सापडतो तो बहुधा यामुळे. त्याच्या उलटही आहे. बॅप१ नावाच्या जनुकाचा बिघाड बायकांच्या गाठींत जास्त वेळा सापडतो, आणि सापडला तर आजार चिवट असतो. म्हणजे निसर्गाने सगळं माप एकाच पारड्यात टाकलेलं नाही.

हार्मोन्सचंही बोललं जातं. काही अभ्यासांत बायकांची आघाडी पाळी जाण्याआधीच्या वयात ठळक दिसते आणि नंतर विरळ होत जाते. आई ५८ च्या आहेत, हे लक्षात घ्या.

क्रिएटिनिनचं वेगळं लिहिते, ते महत्त्वाचं आहे. आधी एवढं सांगा: आईंचं वजन साधारण किती, ब्लडप्रेशर आहे का, आणि गुडघ्या-कंबरेसाठी काही गोळ्या चालू आहेत का?


देशावरचा:

मी पुरुष पेशंट. सोलापूर, वय ६३, चार वर्षांपूर्वी डाव्या किडनीतली गाठ काढली, ४.१ सेंटिमीटर. तीन तासांत होईल म्हणाले होते, पाच लागले. नंतर सर्जन म्हणाले की किडनीभोवतीची चरबी फार चिकट होती, ती सोडवण्यातच वेळ गेला, आणि अशी चरबी पुरुषांत, त्यातून पोट सुटलेल्यांत जास्त भेटते. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरही फरक आहे म्हणायचा.

माझी फाईल आजवर मी स्वतः एकदाही उचललेली नाही. बायको सांभाळते. तारखा तिला पाठ. तुमची ती रेशनकार्डातली चिठ्ठी वाचली आणि मी तिला विचारलं, तुझं स्वतःचं रक्त शेवटचं कधी तपासलंस? तिला आठवेना. उद्या जातोय दोघं.


जुना_टाका:

कृष्णाकाठ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. अगं-तुगं करते, रागावू नकोस, माझी लेक तुझ्याच वयाची असेल.

मी नाशिकची. ४६ व्या वर्षी उजवी किडनी काढली, त्याला आता अकरा वर्षं झाली. बायकांचं सौम्य असतं हे मलाही सांगितलं होतं. पण माझी गोष्ट ऑपरेशनच्या आधीपासून सुरू होते, आणि बायकांच्या निकालांबद्दल बोलायचं तर ती तिथूनच सुरू करायला हवी असं माझं ठाम मत आहे.

लघवीत रक्त दिसलं. डॉक्टरांकडे गेले. पाळीचं वय आहे, इन्फेक्शन असेल, पाच दिवसांच्या गोळ्या. रक्त थांबलं. ते आपोआपच थांबलं होतं, हे आता कळतंय. दीड महिन्याने पुन्हा. पुन्हा गोळ्या, यावेळी सात दिवसांच्या, आणि पाणी भरपूर प्या. तिसऱ्यांदा मी स्वतःच म्हणाले की जळजळ होत नाही, ताप नाही, मग इन्फेक्शन कसलं? लघवीत जंतू आहेत का ते बघायला कल्चर करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. सोनोग्राफी झाली तोवर सात महिने गेले होते. गाठ ७.३ सेंटिमीटर. सात महिन्यांपूर्वी केवढी होती ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण हाच प्रश्न घेऊन मी कित्येक रात्री छताकडे बघत पडलेय.

पुरुषाच्या लघवीत रक्त आलं की सगळे दचकतात. बाईच्या आलं की पाळी, नाहीतर इन्फेक्शन. आणि बाई स्वतःही तेच म्हणते. मीही म्हटलंच होतं.

अख्खी किडनी काढायची म्हटल्यावर मी हबकले. एका किडनीवर माणूस जगतो का हो, असं रडत विचारलं. तेव्हा आमच्या सर्जननी एक गोष्ट सांगितली. १८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सिमॉन नावाच्या सर्जनने जगात पहिल्यांदा ठरवून एक किडनी काढली. आधी कुत्र्यांवर करून खात्री केली होती, की एक काढली तर दुसरी पुरते. ती पेशंट बाई होती आणि ती बरी झाली. पुढे १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला दुर्बिणीतून पहिली किडनी काढली, तीही एका ८५ वर्षांच्या बाईची. “दोन्ही वाटा बायकांनीच पाडल्यात, तुम्ही तिसऱ्या,” असं म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली.

पाच वर्षं सगळं स्वच्छ. पाचव्या वर्षी घरच्यांनी पेढे वाटले. आता कशाला ते सीटी, शरीराला किरणं, पैसे, असं सासूबाईंपासून सगळे म्हणायला लागले. मलाही पटत होतं. माझी मोठी नणंद नर्स होती, आता निवृत्त आहे. तिने मात्र हट्टच धरला. “किडनीचा कॅन्सर उशिरा परत येतो, मी वॉर्डात पाहिलाय, वहिनी तुम्ही जाणार.” माझ्याबरोबर तीच यायची. सातव्या वर्षीच्या सीटीत उजव्या फुप्फुसात एक गाठ दिसली, १४ मिलिमीटर. मला खोकला नाही, दम नाही, वजन घटलेलं नाही, काहीच नाही. एकच होती म्हणून ऑपरेशन करून काढता आली. बायोप्सी: तोच जुना क्लिअर सेल. त्यालाही आता चार वर्षं होतील. त्या वर्षी मी घरी बसले असते तर आज हे लिहिलं असतं का, माहीत नाही.

म्हणून तुझ्या आईला माझा निरोप सांग. सौम्य असला तरी बघायला लागतो. सीटीच्या दिवशी एका हातात सलाईनची सुई असते, काँट्रास्ट (सीटीत नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) सोडला की अंगभर ऊन पसरतं, घशात धातूची चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. एवढंच. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर मी दर वेळी चहा आणि दोन बटर खाते, नणंद पैसे देते, असा आमचा रिवाज आहे.

आणि भावाला सांग की आईला ‘जाऊन ये’ म्हणायचं नसतं. ‘चल’ म्हणायचं असतं.


फॉर्मॅलिन:

जुना_टाका, तुमच्यासोबत झालं ते एकटीदुकटीचं नाही. इंग्लंडमधल्या कॅन्सर निदानाच्या राष्ट्रीय पाहणीवरून २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला. मूत्राशयाच्या आणि किडनीच्या कॅन्सरमध्ये तज्ज्ञाकडे पाठवलं जाण्याआधी तीन किंवा जास्त वेळा साध्या डॉक्टरकडे खेटे घालावे लागणाऱ्यांत बायका जास्त होत्या. लघवीतून रक्त पडलेलं असतानाही.

म्हणजे ज्यांची गाठ दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडते त्या बायका लवकर सुटतात, आणि ज्यांना त्रास होऊन सापडते त्या उशिरा पोचतात. सरासरी काढली की दोघी एकाच आकड्यात मिसळून जातात. ‘बायकांचा निकाल बरा’ हे वाक्य ऐकताना मला याचीच काळजी वाटते.


कृष्णाकाठ:

डोळे भरून आले वाचताना. जुना_टाका, तुम्हाला मावशी म्हणते.

फॉर्मॅलिन ताई, आईचं वजन ४७ किलो. ब्लडप्रेशरची गोळी नऊ वर्षं चालू. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणते, हे मला काल काकूने सांगितलं. आठवड्यातून तीन-चार गोळ्या होतात म्हणे, ऊसतोडीच्या दिवसांत रोज. मला हे ठाऊकच नव्हतं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलंय.


फॉर्मॅलिन:

मला भीती होती तेच निघालं. नीट वाचा आणि जमलं तर भावालाही वाचून दाखवा.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याच्या अंगात स्नायू जास्त त्याचं क्रिएटिनिन जास्त, किडनी उत्तम असली तरी. ४७ किलोच्या बाईचं १.२ आणि शेतात राबणाऱ्या पुरुषाचं १.२ यांचा अर्थ एक नाही. म्हणून नुसता तो आकडा बघायचा नसतो, त्यावरून ईजीएफआर काढतात, किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. त्या सूत्रात वय आणि स्त्री-पुरुष दोन्ही घालावं लागतं. २०२१ चं जे सूत्र हल्ली वापरतात त्यात मी तुमचे आकडे घातले.

काका, वय ५९, क्रिएटिनिन १.३, किडनी एकच: ईजीएफआर सुमारे ६३.
आई, वय ५८, क्रिएटिनिन १.२, एक पूर्ण आणि एक जवळजवळ पूर्ण किडनी: सुमारे ५२.

‘भाऊजींपेक्षा माझं कमी’ हे अगदी खरं आहे, पण कमी आहे ते किडनीचं काम. ६० च्या खाली आकडा तीन महिने टिकला तर त्याला जुनाट किडनीविकार धरतात. एका तपासणीवरून ठरवायचं नसतं, म्हणून पुन्हा तपासा आणि यावेळी रिपोर्टवर ईजीएफआर छापून मागा. लघवीतलं प्रथिनही बघून घ्या. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ची मर्यादा बऱ्याच ठिकाणी बाई-पुरुष सगळ्यांना एकच छापतात. हा आमच्या व्यवसायातला दोष आहे, आणि लहान चणीच्या बायका त्यात वर्षानुवर्षं सुटून जातात.

ऑपरेशननंतरच्या निकालात फक्त कॅन्सर परत आला की नाही एवढंच मोजून भागत नाही. उरलेली किडनी पुढची वीस-पंचवीस वर्षं पुरायची आहे. अमेरिकेतल्या नोंदींत तर लहान गाठीसाठीही बायकांची अख्खी किडनी काढण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त दिसलं होतं. आईंच्या सर्जननी ती वाचवली, हे मोठं काम केलं. ती डायक्लोफेनॅकमध्ये घालवू नका. ती गोळी लगेच थांबवायला सांगा, गुडघ्यासाठी काय चालेल ते डॉक्टर सांगतील. आणि काँट्रास्टचा सीटी ठरवताना हा ५२ चा आकडा आधी त्यांना दाखवा. काँट्रास्ट द्यायचा की नाही, किती पाणी प्यायचं, ते बघूनच ठरवतील.


देशावरचा:

माझ्या बायकोचं क्रिएटिनिन १.० आलं, वय ६०. लॅबवाल्याने ईजीएफआर छापला नव्हता. परत जाऊन मागून घेतला, ६५ च्या आसपास निघाला. हिमोग्लोबिन मात्र ९.२. चार वर्षं ती माझी फाईल घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढतेय आणि दम लागतो म्हणायची, मी वयाचा म्हणायचो. कृष्णाकाठ, तुम्ही हा धागा काढला नसता तर हे कळलं नसतं.


कृष्णाकाठ:

तीन आठवड्यांनी लिहितेय.

शनिवारी गावी गेले. रात्री जेवणं झाल्यावर सोप्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मावशींचं आधी वाचलं, मग ईजीएफआरचे ते दोन आकडे. आई पदराला हात पुसत दारात उभी होती. ६३ आणि ५२ ऐकल्यावर भाऊ म्हणाला, “म्हणजे एक किडनीवाल्या काकांपेक्षा आईचं काम कमी?” कुणी काही बोललं नाही. काका तंबोऱ्यासारखे ताठ बसून होते. मग उठले, आतून आपली चेनची पिशवी आणली, त्यातली स्वतःची फाईल काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, “वहिनी, तुमची फाईल आणा.” आईने आणली नाही. काकूनेच कपाट उघडून आणली.

डायक्लोफेनॅक त्याच रात्री बंद. दोन उरलेल्या पट्ट्या भावाने उचलल्या. पुन्हा तपासलं तेव्हा ईजीएफआर ५६ आला. लघवीत प्रथिन नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून काँट्रास्टला हो म्हटलं, आधी आणि नंतर पाणी प्यायला सांगितलं.

बुधवारी सीटी झाला. आम्ही साडेचारला निघालो. आई म्हणाली, अंगात ऊन पसरतं म्हणाल्या होत्या तसंच झालं, आणि चवही आली तोंडाला, जुन्या पितळेच्या तांब्यातलं पाणी प्यायल्यासारखी. बाहेर आल्यावर तिला चहा आणि दोन बटर दिले. पैसे काकांनी दिले.

रिपोर्ट काल आला. डाव्या किडनीवर ऑपरेशनच्या जागी फक्त व्रण, नवी गाठ नाही, उजवी स्वच्छ. डाव्या फुप्फुसाच्या टोकाला ३ मिलिमीटरचा एक ठिपका आहे. जुन्या टीबीचा वगैरेही असू शकतो, असे ठिपके पुष्कळांना असतात, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू असं डॉक्टर म्हणाले. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आईनेच शांतपणे तारीख विचारून घेतली.

काकांची पुढची तपासणीही त्याच सुमारास होती. ती त्याच दिवसाची ठरवून घेतलीय. गाडी एकच, पिशवी एकच, दोन फायली. चिठ्ठी आता ओट्यावरच्या खिळ्याला आहे, तारखेची बाजू वर.